क्लचवर एक बोट

गेल्या डिसेंबरमध्ये टेक्निकल फेस्टच्या दिवशी आपल्या पार्किंगच्या मागे छोट्या हत्तीतून उतरवलेली ती बिनदिव्याची, बिनमडगार्डची, निळा धूर सोडणारी मोटरसायकल ज्यांनी बघितली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी बघितली नाही त्यांनी निदान ऐकली तरी असेलच. कारण ती सुरू केली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची थर्मोडायनॅमिक्सची ओरल थांबली होती, आणि त्याबद्दल मला काही लोकांनी कँटीनमध्ये चहासुद्धा पाजला!

मॅगझिन कमिटीने "त्या गाडीवर एक झकास लेख दे, मराठीत, जरा हसवणारा" असं फर्मान काढलं. आता मी पडलो कॉन्व्हेंटचा. दहावीच्या पेपरानंतर मराठीत लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. हसण्यासारखं या कहाणीत पुष्कळ आहे. शेवटी मात्र एक हिशेब आहे, आणि तो माझाच आहे.

सुरुवात भंगारात झाली. मी आणि माझा रूम पार्टनर, दोघेही थर्ड इयर मेकॅनिकल. त्याला सगळे पैलवान म्हणतात, आणि ते चिडवायला नाही. तो खरोखरच पहाटे साडेचारला उठून तालमीत जातो. (त्याच्या गजरामुळे मी पण उठतो आणि परत झोपतो.) एका शनिवारी वर्कशॉपच्या जॉबसाठी एमएसचा तुकडा शोधत आम्ही उद्यमनगरच्या मागच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे गेलो होतो. तिथे पत्र्यांच्या ढिगाखालून एक अंड्याच्या आकाराचं इंजिन डोकावत होतं. पैलवान खाली वाकला आणि म्हणाला, "भावा, रोडकिंग हाय ही!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 पासून चेक जावाच्या धर्तीवर मोटरसायकली बनवल्या, पुढे त्याच येझ्दी नावाने आल्या, आणि 1978 साली रोडकिंग आली. 248.5 सीसीचं एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, 16 हॉर्सपॉवर. एका सिलिंडरला दोन एक्झॉस्ट पोर्ट, म्हणून दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच! किक मारायची, तोच दांडा पुढे फिरवायचा, झाला गिअर. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 2022 मध्ये येझ्दी हे नाव परत आलं, पण ते इंजिन फोर-स्ट्रोक आहे. म्हणजे नाव आलं, आवाज काही आला नाही.

धडधाकट रोडकिंग कापून डर्ट बाइक करणं म्हणजे पाप आहे, हे आम्हालाही मान्य आहे. पण या गाडीची चासी अपघातात वाकलेली, टाकी गायब, एक चाक गायब, आणि रजिस्ट्रेशन केव्हाच रद्द झालेलं. तिचं पुढचं ठिकाण भट्टीच होतं. अकरा हजारांत सौदा झाला. माझे सहा, त्याचे पाच. त्या महिन्यात मेसचं बिल दोघांनीही उशिरा भरलं.

पहिलाच नियम ठरवला, गाडी रस्त्यावर आणायची नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि आमच्या गाडीत तर मूळ असं इंजिनच काय ते उरणार होतं. पैलवानाच्या मामांची गावाबाहेर एक बंद पडलेली मुरमाची खाण होती. तिथे चालवायची परवानगी मिळाली. अट एकच, उसाच्या सरीत घालायची नाही.

आता कुणी म्हणेल की 250 सीसीला 'मोठं इंजिन' काय म्हणता! बरोबर आहे. अमेरिकेत होंडाची सीआर 500 होती. 491 सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक. ती 2001 पर्यंत बनत होती, आणि तिचं इंजिन काढून नंतरच्या सीआर 250 च्या हलक्या ॲल्युमिनियम फ्रेममध्ये बसवणारे वेडे लोक तिकडे आहेत. आमची प्रेरणा तीच. पण आपल्याकडे आरएक्स 100 लाच 'पॉवर' म्हणणाऱ्या लोकांत अडीचशेचं एकच सिलिंडर म्हणजे मोठंच की. शिवाय घराणं चांगलं आहे! जावाचीच बहीण म्हणावी अशी सीझेड कंपनी. तिच्या टू-स्ट्रोकवर ज्योएल रोबेरने 1964 साली 250 सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद जिंकलं, आणि पॉल फ्रिडरिक्सने 1966, 67 आणि 68 असं तीन वर्षं 500 सीसीचं. म्हणजे चिखल या रक्तातच आहे.

इंजिन घेऊन आम्ही चाचांकडे गेलो. चाचांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक जुना लेथ आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. वय सत्तरीच्या आसपास. जावा-येझ्दीची कामं ते तरुणपणापासून करत आलेत. मला पहिल्या दिवसापासून "इंजिनियर" म्हणतात, आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला अजून कळलेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात माझी इज्जत गेली. चाचा म्हणाले, "हेड पाइपापाशी दीड सुताच्या पट्टीचे तुकडे लागतील, आण जा." मी दीड मिलिमीटरचा पत्रा घेऊन आलो. चाचांनी तो हाताने वाकवून दाखवला. "ह्याची पेटी कर, जर्नलं ठेवायला." मग पैलवानाने समजावलं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड सूत म्हणजे जवळजवळ पावणेपाच मिलिमीटर. पावणेपाच म्हणजे किती, हे मला परत मनात इंग्रजीत करून बघावं लागलं, ते सोडा! थ्रेडला आटे म्हणतात, फनेलला नरसाळं म्हणतात, हे मी गेल्या वर्षी त्या शेडमध्ये शिकलो. माझ्या आईला याचा फार आनंद झाला. बाकी कुठल्याच गोष्टीचा झाला नाही.

काम दिवाळीपर्यंत चाललं. वाकलेली चासी कापून सरळ केली आणि हेड पाइपाला त्या दीड सुताच्या पट्ट्या वेल्ड केल्या, कारण उडी मारून खाली येताना सगळा दणका तिथेच बसतो. पुढचा फोर्क एका एक्सपल्सचा, सेकंडहँड, 190 मिलिमीटर ट्रॅव्हलवाला. त्याचा मधला दांडा येझ्दीच्या हेड पाइपात बसेना, म्हणून चाचांनी लेथवर नवीन दांडा टर्न केला. पुढे 21 इंची चाक, दोन्हीकडे जाड ठोकळ्यांचे टायर. बॅटरी, दिवे, चेनचं बंद कव्हर, लोखंडी सीट, सगळं गेलं. मागचं स्प्रॉकेट मोठं टाकलं, म्हणजे टॉप स्पीड कमी पण ओढ जास्त. मूळ रोडकिंग साधारण 140 किलोची. आमची भंगारवाल्याच्याच काट्यावर भरली 118. तो म्हणाला, "मी विकली तेव्हा सुद्धा एवढीच असंल, बाकीचा गंज."

माझ्या वाट्याला आलं एक्झॉस्ट. आणि इथे मी जरा मिरवणार आहे, मिरवू द्या.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एक. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या आणि त्यांची उघडझाप करणारा पिस्टन, संपलं. पण त्यामुळे एक गोची होते. ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत असताना धूर बाहेर जायची खिडकीही उघडीच असते, आणि थोडं ताजं मिश्रणही पळून जातं. त्यावर उपाय म्हणजे एक्स्पान्शन चेंबर. पोटात फुगलेला आणि शेवटी निमुळता होणारा तो पाइप. स्फोटानंतर दाबाची एक लाट पाइपातून जाते, शेवटच्या शंकूवर आपटून परत येते आणि पळून चाललेल्या मिश्रणाला खिडकी बंद व्हायच्या आत परत सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे लाटेचाच व्हॉल्व्ह! पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वॉल्टर काडेन या इंजिनियरने या लाटांवर अशी हुकूमत मिळवली की 1961 साली त्याचं 125 सीसीचं इंजिन 25 हॉर्सपॉवर देत होतं. त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळून गेला, सुझुकीला मिळाला, आणि 1962 मध्ये सुझुकीने 50 सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. पाइपाच्या आकारासाठी सीमा ओलांडून विद्या पळते, म्हणजे बघा.

लांबीचा हिशेब सोपा आहे. खिडकी जितके अंश उघडी राहते त्याला लाटेच्या वेगाने गुणायचं आणि आरपीएमच्या बारापटीने भागायचं. क्रँकला कोनमापक लावून आम्ही मोजलं, 150 अंश. तापलेल्या धुरात लाटेचा वेग सेकंदाला 518 मीटर धरला, आरपीएम 5500. उत्तर आलं 1.18 मीटर. पोर्टपासून शेवटच्या शंकूच्या मध्यापर्यंत तेवढं अंतर हवं. मग पत्र्याचे शंकू कापायचे, म्हणजे फर्स्ट इयरच्या ग्राफिक्समधलं 'डेव्हलपमेंट ऑफ सर्फेसेस'! ज्या विषयात माझी केटी लागली होती, तोच विषय मी शेडच्या फरशीवर खडूने काढला आणि तो जुळला. दोन पोर्टचे दोन पाइप पुढे एकत्र आणून एकच चेंबर केला. वेल्डिंग माझं, म्हणून दिसायला तो चेंबर कमी आणि मुरूम आलेला गाल जास्त वाटतो. पण वाजला!

पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा चाचा काही बोलले नाहीत. नुसते ॲक्सिलरेटर पिळून आवाज ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "एक वही कर." जेट कितीचा, प्लगचा रंग कसा, हवा गरम का गार, किती वेळ पळवली, सगळं लिहायचं. "डोक्यात ऱ्हातंय असं वाटतंय, ऱ्हात न्हाई." मी इंजिनियर असल्यामुळे वही माझ्याकडे आली. लाल कव्हरची, दोनशे पानी.

जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पितळेचं बारीक भोकाचं बूच. नंबर मोठा तितकं भोक मोठं, तितकं पेट्रोल जास्त. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, आम्ही लिटरला चाळीस मिली टाकायचो. म्हणजे पेट्रोल कमी झालं की दोन गोष्टी एकदम होतात. आग जास्त तापते, आणि पिस्टनला मिळणारं ऑइलही कमी होतं. चाचांनी 150 नंबरचा जेट ठरवला आणि बजावलं, ह्याच्या खाली जायचं नाही.

आणि दुसरी गोष्ट बजावली: "चालवताना डाव्या हाताचं एक बोट कायम क्लचवर." टू-स्ट्रोक इंजिन कधी दाटलं, म्हणजे पिस्टन सिलिंडरला धरून बसला, तर मागचं चाक त्याच क्षणी जाम होतं. अर्ध्या सेकंदात क्लच दाबला तर चाक सुटतं, नाहीतर माणूस सुटतो.

आता येझ्दीची खोड अशी, की तिचा क्लच अर्धा ऑटोमॅटिक. गिअरचा दांडा पायाने दाबला की तोच दांडा क्लच पण सोडवतो. गाडी एकदा उठवली की डाव्या हाताला कामच नाही. पैलवान याच गाडीवर मातीत चालवायला शिकला. दोन आठवड्यांत तो क्लचला हात न लावता वर-खाली गिअर टाकायला लागला, हँडल दोन्ही मुठींनी गच्च धरून, पैलवानासारखं. चाचा दर वेळी ओरडायचे, "बोट!" आणि तो बोट ठेवायचा. मग विसरायचा.

चालवायला ती कशी आहे हे सांगतो. खालच्या आरपीएमला ती बैलासारखी ओढते. मुरमाच्या चढाला सेकंड गिअरमध्ये नुसती धक-धक करत वर जाते. मग साडेचार हजारांच्या पुढे माझा तो चेंबर जागा होतो. आवाज बदलतो, भरडा होता तो एकदम धारदार होतो, मागचं चाक मुरूम उधळायला लागतं आणि हात आपोआप सरळ होतात. पोटात गोळा येतो, मग हसू येतं. हेल्मेटच्या आत मी एकटाच मोठ्याने हसलो आहे. असं हसू मला कुठल्याच रिझल्टच्या दिवशी आलेलं नाही.

फेस्टमध्ये सगळ्यांनी गाडीभोवती फोटो काढले. फक्त एक गोष्ट मला सलली. फुल थ्रॉटलवर गाडी जरा अडखळायची, बड-बड-बड. मिश्रणात पेट्रोल जास्त असलं की टू-स्ट्रोक असंच करतं. धोका काही नाही, उलट इंजिन थंड राहतं. पण एका सीनियरने सगळ्यांसमोर "हा काय डंपर आणलाय" म्हटलं, आणि लोक हसले. मीही हसलो.

जानेवारीत आम्ही खाणीवर व्हिडिओ काढायचा ठरवला. पहाटेच्या उजेडात, धुकं असताना. आदल्या रात्री मी एकटाच शेडमध्ये गेलो. चाचांनी किल्ली आमच्यापाशी दिलेली होती. कार्बोरेटरची खालची वाटी काढली, 150 चा जेट काढला आणि 140 चा घातला. पंधरा मिनिटांचं काम. मला तो आवाज स्वच्छ हवा होता. वही खिशात होती. लिहिलं नाही. उद्या व्हिडिओ झाला की परत 150 घालू, मग लिहायचं कशाला, असा काहीतरी विचार होता. खरं सांगायचं तर लिहिलं असतं तर पैलवानाने वाचलं असतं, आणि वाचलं असतं तर तो बसला नसता.

पुढचं गणित मी नंतर केलं, कारण आधी करायची अक्कल नव्हती. आम्ही 150 चा जेट ठरवला होता तो दुपारी, 31 अंशांत. त्या पहाटे 14 अंश होतं. गार हवा सुमारे सहा टक्के दाट. त्यातला निम्मा फरक कार्बोरेटर आपोआप भरून काढतो, निम्मा राहतो. वर जेटमुळे पेट्रोल सात टक्के कमी. सगळं मिळून मिश्रण ढोबळमानाने दहा टक्के कोरडं, आणि तेवढंच ऑइल कमी. हे गणित करायला मला बारा मिनिटं लागली. आपल्या सेकंड इयरच्या सिलॅबसमधलं आहे सगळं.

नाणं उडवलं. पैलवान आधी बसला. मी मोबाइल घेऊन उंचावर उभा राहिलो. आवाज खरंच स्वच्छ होता, मला आनंद झाला हे लपवत नाही. खाणीच्या तळाला जी लांब सरळ पट्टी आहे तिच्यावर तो तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल गेला. मध्येच आवाज बारीक झाला, एकदम पातळ, जसा कुणी शिट्टी वाजवताना वारा संपावा तसा. मग आवाजच नाही. व्हिडिओत ते आहे. इंजिन बंद, आणि मुरमावर टायर घासल्याचा खर्रर्र. मागचं चाक जाम झालं होतं. गाडी आडवी फिरली आणि तो उजव्या खांद्यावर पडला. मी नंतर त्या जागी चालून बघितलं. मुरमात चौदा पावलांचा चर होता.

हेल्मेट होतं, बूट होते, म्हणून तो आज आहे. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. सबमिशनची जर्नलं मी लिहिली त्याची, सगळी, अक्षर बदलून. पण फेब्रुवारीत त्याची कुस्तीची निवड चाचणी होती, ती मी कशी देणार? ज्युनियर गटातलं त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. त्याच्या वस्तादांनी हॉस्पिटलमध्ये येऊन नुसतं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी कोपऱ्यात सफरचंदं धरून उभा होतो.

आणि मग हॉस्टेलवर चर्चा सुरू झाली. "चाचानं बोअर घट्ट मारला असणार." "म्हातारं झालंय, दिसत नाही त्याला आता." पिस्टन आणि सिलिंडरमधली फट कमी ठेवली तर इंजिन दाटतं, हे सगळ्यांना माहीत असतं. फर्स्ट इयरची दोन पोरं आपली आरएक्स 100 चाचांकडे बोअरला देणार होती, ती दुसरीकडे घेऊन गेली. मला विचारलं कुणीतरी, बोअरचंच असेल ना? मी म्हटलं, "असेल."

एवढा एकच शब्द. त्या जेटपेक्षा मला तोच जास्त सलतो.

आठवड्याने चाचांनी इंजिन उघडलं. मी शेजारी उभा. पिस्टन बाहेर काढून त्यांनी उजेडात धरला. "बोअर घट्ट असता तर चारी अंगानं वरखाडलं असतं. हे बघ, नुसतं पुढंच." पुढे, म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूला, सगळ्यात तापते तिथे. मग प्लग. चुन्यासारखा पांढरा. मग ते काही न बोलता कार्बोरेटरकडे वळले, वाटी काढली, जेट काढला, चष्मा वर सरकवून खिडकीपाशी नेला आणि नंबर वाचला.

"वहीत काय लिवलंय?"

मी वही उघडली. 150. चाचांनी वही बंद करून माझ्या हातात दिली आणि जेट वर ठेवला.

"चाचा, मी..."

"मला सांगू नगंस. ज्याचं हाड मोडलंय त्याला सांग."

मित्रांनो, मला आठ महिने लागले. रोज पहाटे साडेचारचा गजर व्हायचा, तालीम बंद असली तरी तो सवयीने उठायचा, आणि मी जागाच असायचो. सांगण्यासारख्या पुष्कळ वेळा आल्या. सेमिस्टर संपू दे, हाड जुळू दे, पाऊस जाऊ दे... मधल्या काळात इंजिनात ओव्हरसाइज पिस्टन पडला. चाचांनीच बसवला, पैसे माझ्याकडून घेतले, पैलवानाकडून घेतले नाहीत. त्याला वाटलं, अपघात झाला म्हणून.

सप्टेंबरमध्ये गाडी परत सुरू झाली. तो उत्साहाने म्हणाला, "रविवारी खाणीवर जाऊ." त्या रात्री तालमीच्या पायरीवर बसून मी सांगितलं. सगळं, नंबरासकट. बोअरबद्दल मी "असेल" म्हणालो होतो, तेही. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने लाल माती उकरत बसला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी त्याने विचारलं, "वहीत लिहिलास?"

नव्हतं लिहिलं. त्याच्यासमोर लिहिलं, जानेवारीच्या पानावर समास होता तिथे: 'मेन जेट 140. बदल माझा. कुणाला सांगितलं नाही.' पेन चालेना म्हणून दोनदा गिरवलं. तो उठून गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मी त्या दोन आरएक्सवाल्या पोरांना गाठून बोअरची खरी गोष्ट सांगितली, आणि चाचांनाही जाऊन सांगितलं की मी त्यांना सांगितलंय. चाचा म्हणाले, "बरं. त्यो दहाचा पाना दे."

रविवारी सकाळी पैलवान शेडमध्ये आला. मी वही पुढे केली. मेन जेट 150, हवा 22 अंश, प्लग कॉफी रंगाचा. त्याने वाचलं. मग वही बाजूला ठेवून खाली बसला, पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटरची वाटी काढली, जेट बाहेर काढून उजेडात धरला, नंबर बघितला, आणि सगळं परत बसवलं. बोटांना लागलेलं पेट्रोल पँटला पुसलं. किक मारली.

खाणीवर त्याने पहिल्या फेरीत फार पळवली नाही. मी उंचावरून बघत होतो, या वेळी मोबाइल खिशात होता. माझी नजर फक्त त्याच्या डाव्या हातावर होती. एक बोट क्लचवर होतं, सरळ. सगळी फेरीभर होतं.

आता आम्ही दर रविवारी जातो. माझ्या वहीत एकही दिवस कोरा नाही, आणि तो ती दर वेळी वाचतो. वाचून झाली की तरीसुद्धा वाटी काढून जेट स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. पाच मिनिटं जातात. मी तोवर पाना धरून उभा राहतो.